उत्तरदाती क्रमांक ११

मागच्या महिन्यात एका मुलीनं तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मला वाचायला पाठवलं. घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या बायका, हा तिचा विषय. माझ्या जुन्या विषयाला अगदी खेटून असलेला, म्हणून कुणीतरी तिला माझं नाव सुचवलं असावं. प्रकरण संशोधन पद्धतीचं होतं. नमुना कसा निवडला, प्रश्नावली कशी बेतली, मुलाखती कुठे घेतल्या, हे सांगणारं. प्रबंधातलं सगळ्यात कोरडं आणि परीक्षक हटकून वाचतात ते. मी छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसले. चौथ्या पानावर वाक्य आलं, ‘सदर मुलाखती घेण्यात आल्या.’ मी समासात लिहिलं, ‘कोणी?’ त्याच परिच्छेदात पुढे, ‘दोन मुलाखती अपूर्ण राहिल्या.’ मी लिहिलं, ‘आपोआप?’ आणखी दोन पानांनी माझंच आडनाव भेटलं. अमुक अमुक म्हणतात की रात्रीचे श्रम मोजले जात नाहीत, वगैरे. आपल्या आडनावापुढे ‘म्हणतात’ दिसलं की पाठ जरा ताठ होते, खोटं कशाला बोलू. आणि लगेच खाली, ‘उत्तरदाती क्र. ४ म्हणते.’ तक्त्यात पाहिलं तर या क्रमांक ४ एकसष्ट वर्षांच्या होत्या. माझ्याहून मोठ्या. मी ‘म्हणते’खाली रेघ ओढून लिहिलं, ‘यांच्याशी बोलताना तू अगं-तुगं केलं होतंस का?’ पानांचे फोटो काढले, पाठवून दिले आणि आपण फार छान वाचन केलं अशा समाधानात झोपले.

सकाळी तिचं उत्तर आलं होतं. एकच फोटो. ग्रंथालयाच्या प्रतीचं एक पान, कोपऱ्यात जांभळा शिक्का, आणि पिवळ्या कागदावर ओळखीची अक्षरं. ‘सदर मुलाखती घेण्यात आल्या. तीन मुलाखती वेळेअभावी अपूर्ण राहिल्या.’ आणि पानाच्या तळाशी, ‘उत्तरदाती क्र. ११ म्हणते’. पान माझ्या प्रबंधाचं होतं. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘ताई, भाषा मी तुमच्याकडूनच उचलली होती. बदलू का?’

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवरून माझा प्रबंध खाली काढला. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव, वडिलांच्या नावासकट. उघडताना बांधणी करकरली. वीस वर्षांत मी तो दोनदा उघडला असेन, दोन्ही वेळा कुणाला तरी दाखवायला, वाचायला नव्हे. या खेपेला मी एक खेळ केला. ‘मी’ कुठे कुठे आहे ते शोधत गेले. पहिला ‘मी’ प्रतिज्ञापत्रात. ‘मी असे प्रतिज्ञापूर्वक नमूद करते की सदर प्रबंध हे माझे स्वतंत्र संशोधन असून...’ दुसरा मुक्काम ऋणनिर्देशात. तिथे तर ‘मी’ला नुसता पूर आलाय. मी ऋणी आहे, मी कृतज्ञ आहे, आई-वडिलांच्या ऋणातच राहणं मी पसंत करते. (हे ऋणात राहणं पसंत करणारं वाक्य नसलेला मराठी प्रबंध मी अजून पाहिलेला नाही. फेडायची वेळ आली की आपण सगळेच असे रसिक होतो.) आणि मग अनुक्रमणिका. तिथून पुढे दोनशे ऐंशी पानं मी नाही. शपथ घ्यायला होते, आभार मानायला होते. काम करायची वेळ आली तेव्हा कुठे गेले कोण जाणे. काम ‘प्रस्तुत संशोधिके’नं केलं. तिच्या निदर्शनास बाबी आल्या. तिला असं आढळून आलं. बहुतेक ठिकाणी तर तीही नाही. नुसतंच ‘आढळून आले’.

‘मी’ काढून टाकायला मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांची लाल शाई मला अजून आठवते, कारण ते बॉलपेननं नव्हे, शाईच्या पेननं तपासायचे आणि पातळ कागदावर ती मागच्या बाजूला फुटायची. पाठच्या पानावर, ज्यात काहीच चूक नसायची, तिथेही लाल ठिपके दिसायचे. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘मला असं वाटतं की’. त्यांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘असे म्हणता येईल की’. मी विचारलं, ‘सर, पण वाटलं मलाच ना?’ ते हसले. म्हणाले, ‘वाटणं घरी ठेवायचं. काय दिसलं ते लिहा.’ तेव्हा राग आला होता. आज वाटतं, अर्धी गोष्ट त्यांनी बरोबरच सांगितली होती. माझ्या त्या खर्ड्यात ‘मला वाटतं’ होतं ते प्रामाणिकपणामुळे नव्हतं, पुरावा नव्हता म्हणून होतं. वाटण्याला संदर्भ द्यावा लागत नाही. पण उरलेली अर्धी गोष्ट अशी की दिसायलाही कुणीतरी बघावं लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ वाक्यातून काढून टाकण्याचा परवाना मी त्या दिवशी घेऊन टाकला.

मराठीत कर्ता लपवायला कष्टच पडत नाहीत. ‘मी मुलाखती घेतल्या’ यात क्रियापद मुलाखतींच्या मागे गेलेलं असतं, माझ्या मागे नाही. ‘मी’ उचलून बाजूला ठेवला तरी ‘मुलाखती घेतल्या’ हे वाक्य ठणठणीत उभं राहतं, कुठे भोक पडलेलं दिसत नाही. तिथून एक पायरी उतरलं की ‘मुलाखती घेण्यात आल्या’. इथे निदान एवढं तरी कळतं की घेणारं कुणीतरी आहे, पडद्यामागे उभं आहे. आणखी एक पायरी उतरलं की ‘मुलाखती झाल्या’, ‘मुलाखती राहिल्या’. इथे पडदाही नाही आणि मागे माणूसही नाही. पाऊस पडला, दिवस मावळला, मुलाखती राहिल्या. लोक उगाच कर्मणी प्रयोगाला बोल लावतात. खरी लबाडी या साध्या, अकर्मक, निष्पाप दिसणाऱ्या क्रियापदांत असते. माझ्या ‘तीन मुलाखती वेळेअभावी अपूर्ण राहिल्या’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. सरांनीही त्यावर लाल ठिपका ठेवला नव्हता.

आणखी एक गंमत. ‘मी पाहिले’, ‘मी नोंदवले’ यात मी बाई की पुरुष ते कळत नाही. ‘मी मांडते’ म्हटलं की कळतं. वर्तमानकाळात मराठी बाईपण झाकता येत नाही. प्रस्तावनेत मी कुठेतरी ‘मांडते’ लिहिलं होतं, ते पुढच्या खर्ड्यात ‘मांडले आहे’ झालं. का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, उलट हायसं वाटलं. ‘मांडले आहे’ कसं भारदस्त वाटतं, जणू मांडणारा धोतर-उपरणं घालून बसलाय.

प्रयोगशाळेच्या विज्ञानात या लपण्यामागे काही तर्क तरी आहे. द्रावण तापवलं, ते निळं झालं. तुम्ही तापवलं तरी निळंच होईल, मग तापवणाऱ्याचं नाव कशाला? पण तिथेही हा आग्रह वाटतो तितका पक्का नाही. १९५३ साली डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा तो जेमतेम पानभराचा निबंध ‘आम्ही’पासूनच सुरू होतो. तिथे दोघे होते, म्हणून ‘आम्ही’ खपलं. एकट्यानं काय करायचं? अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॅक हेदरिंग्टन हे भौतिकशास्त्रज्ञ या पेचात सापडले होते. हेलियमच्या अणूंविषयीचा निबंध त्यांनी एकट्यानं लिहिला होता, पण सगळीकडे ‘आम्ही’ घालून. एका सहकाऱ्यानं वाचून सांगितलं, एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ त्या नियतकालिकात चालत नाही, परत येईल. काळ टाइपरायटरचा. सगळा निबंध पुन्हा टंकायचा? त्यापेक्षा त्यांनी दुसरा लेखक जोडला. एफ. डी. सी. विलर्ड. हा विलर्ड म्हणजे त्यांचा सयामी बोका. खरं नाव चेस्टर. एफ आणि डी ही घरमांजराच्या लॅटिन नावाची आद्याक्षरं, सी चेस्टरचा, आणि विलर्ड हे बोक्याच्या बापाचं नाव. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये निबंध छापून आला, आणि पुढे काही प्रतींवर दोन्ही लेखकांच्या सह्या करून दिल्या गेल्या. बोक्याची सही म्हणजे पंजाचा ठसा.

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या संशोधक मुलाला सांगते, आणि सगळे हसतात. पण मराठीत या बोक्याची गरजच पडली नसती असं मला नेहमी वाटत आलंय. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की वाचणारा कुंपणाबाहेर. ‘आपण’ म्हटलं की तो आत. ‘मागील प्रकरणात आपण पाहिले’ असं लिहिलं की वाचकच सहलेखक झाला, बोका नको की कुत्रा नको. माझ्या प्रबंधात हे ‘आपण पाहिले’ जागोजाग आहे. वाचायला किती आपुलकीचं. पण परवा पुन्हा वाचताना लक्षात आलं की ज्या ज्या ठिकाणी माझा पुरावा लंगडा होता, नेमकं तिथेच ‘आपण पाहिले’ आलंय. मला दिसलं नव्हतं, म्हणून मी वाचकाला साक्षीला घेतलं होतं.

आता ते ‘म्हणते’. ही गोष्ट मला ‘घेण्यात आल्या’पेक्षा जास्त टोचली, आणि याचं खापर सरांवरही फोडता येत नाही. प्रबंधात कोण म्हणतो, कोण म्हणतात आणि कोण म्हणते, याची एक न लिहिलेली वंशावळ आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते. राजवाडे म्हणतात. इरावती कर्वे म्हणतात. मार्क्स मात्र म्हणतो. वेबर म्हणतो, फूको म्हणतो. परदेशी माणूस कितीही मोठा असला तरी त्याला आपण मराठीत अरे-तुरे करतो, आणि गंमत अशी की त्यात अनादर नसतो, उलट एक लाडिक जवळीक असते. देवाला नाही का आपण ‘तू’ म्हणत. पण हा एकवचनाचा लाड मार्क्सला परवडतो, कारण त्याचं नाव पानावर असतं. ज्यांचं नावच काढून घेतलंय त्यांच्या बाबतीत एकवचन म्हणजे निव्वळ खालची पायरी. इंग्रजीतल्या शैलीपुस्तिका यात कामाच्या नाहीत. त्यांच्यात मार्क्सचं क्रियापद आणि मोलकरणीचं क्रियापद एकच असतं, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडतच नाही. तो आपल्याला पडायला हवा होता.

क्रमांक ११ म्हणजे मावशी. मी ज्या रुग्णालयात फिरत होते तिथे सगळ्याच आयांना मावशी म्हणत, डॉक्टरांपासून पेशंटच्या पोरापर्यंत. पण माझ्या लेखी मावशी म्हणजे याच. रात्रपाळी कायमची. मुलाखतीची जागा म्हणजे जिन्याखालचं लाकडी बाकडं. वर एक ट्यूब फडफडायची. बाराच्या पुढे वॉर्ड शांत झाला की फिनेलचा वास जास्त दाट व्हायचा, आणि मावशी ओल्या हातानं येऊन बाकड्याच्या कडेला, पूर्ण न टेकता बसायच्या. मी कॅसेट लावायची, ती तांबडी कळ दाबायची, आणि प्रश्नावलीतला प्रश्न वाचायची. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला त्यांनी मला मधेच थांबवलं. म्हणाल्या, ‘तू रातीला झोपतीस न्हवं? मग तुला काय सांगून कळायचं, बाय?’

प्रबंधात पान १४२ वर हे वाक्य असं आहे : ‘उत्तरदातीच्या मते, रात्रपाळीचा प्रत्यक्ष अनुभव नसलेल्या व्यक्तीस सदर समस्येचे यथार्थ आकलन होणे कठीण आहे.’

मी हे लिहिलं. माझ्या हातानं. आणि लिहून झाल्यावर मला ते चांगलंही वाटलं होतं, हे त्याहून वाईट. ‘यथार्थ आकलन’ सुचलं तेव्हा तर मी दोनदा वाचून पाहिलं असेल.

याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात सुईणींबद्दलचा एक जुना उतारा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या एका पुस्तकातला. तो उतारा उतरवून घेताना मी काय डोळ्यांत तेल घातलं होतं! ‘नांव’वरचा अनुस्वार, ‘घरीं’वरचा अनुस्वार, जिथे होता तिथे तसाच. कारण नियमच आहे. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांत सांगितलंय की चिपळूणकरांच्या आधीचं गद्य आणि केशवसुतांच्या आधीचं पद्य मूळ जसं असेल तसं छापायचं, आणि त्यानंतरचं आजच्या नियमांनी. म्हणजे मेलेल्या पुस्तकातला टिंब न टिंब मी जपला. आणि मावशींचं ‘न्हवं’, ‘रातीला’, ‘बाय’, हे मात्र मी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलं. बरं, त्याच नियमांत हेही आहे की कुणाच्या तोंडचं बोलणं असेल तर ते ती व्यक्ती उच्चारते तसं लिहावं. म्हणजे नियमांनी मला अडवलेलं नव्हतंच. टंकलेखन करणाऱ्या काकांनी एक-दोन ठिकाणी उरलेली बोलीही ‘सुधारली’ आणि मी त्यांचे आभार मानले. आमचा वाद झाला तो ‘उत्तरदाती’ की ‘उत्तरदात्री’ यावर, आणि त्यात मी तावातावानं भांडले होते.

मग मी का असं लिहिलं? शैलीचा दबाव, सरांची शाई, पद्धत, हे सगळं आहेच. पण मी स्वतःशी खरं बोलायचं तर, मी घाबरले होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, घरातली पहिलीच पदवीधर, आणि समोर तज्ज्ञांची समिती. ‘मी’ लिहिलं की कुणीही विचारू शकतं, तू कोण? ‘असे दिसून येते’ला कुणी विचारत नाही. ते छत्रीसारखं असतं. माझ्या एका प्रकरणात परवा मी मोजलं, एकतीस वेळा ‘दिसून येते’. एकतीस वेळा छत्री उघडलीय, बाहेर ऊन असतानासुद्धा. त्यामुळे आज कुणी नव्या मुलांना ऐटीत सांगतं की घाबरू नका, सरळ ‘मी’ लिहा, तेव्हा मला त्या सल्ल्याचा जरा रागही येतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैलीपुस्तिका स्वतःचा उल्लेख ‘लेखक’ असा न करता ‘मी’ असाच करा म्हणते. ही शैली १९२९ मध्ये सात पानांच्या एका लेखापासून सुरू झाली, २०१९ मध्ये तिची सातवी आवृत्ती निघाली, आणि आता ती चारशेहून जास्त पानांचा ग्रंथ आहे. चारशे पानांचं पाठबळ असेल तर ‘मी’ म्हणायला कुणाचीच ना नाही. एकटीनं म्हणायचं तर अवघड जातं.

नियमांनी त्रास दिला तो निराळाच. तळटीपांचा. एकाच पुस्तकाचा लागोपाठ संदर्भ आला की ‘तत्रैव’ लिहायचं, अशी शिकवण. किती सुबक शब्द! मी शेकडो ‘तत्रैव’ लिहिले. आणि शेवटच्या आठवड्यात सरांनी चौथ्या प्रकरणात मधेच एका नव्या पुस्तकाची भर घालायला सांगितली. घातली. त्या क्षणी पुढचे नऊ ‘तत्रैव’ बोट फिरवून नव्या पुस्तकाकडे दाखवायला लागले, ज्यात त्यातलं काहीच नव्हतं. मला हे बांधणी झाल्यावर कळलं. आजही त्या प्रकरणात एका सज्जन लेखकाच्या तोंडी त्यानं कधी न केलेली विधानं आहेत. शिकागोच्या शैलीपुस्तिकेनं २०१७ च्या आवृत्तीत या ‘तत्रैव’च्या इंग्रजी भावाला बाजूला सारून लेखकाचं आडनाव आणि पान असा छोटा संदर्भ द्या असं सुचवलं, तेव्हा मला एखाद्या जुन्या वैऱ्याची बदली झाल्याचा आनंद झाला होता. त्याच शिकागो विद्यापीठात केट टुराबियन नावाच्या बाई प्रबंध-सचिव होत्या, १९३० पासून जवळपास तीस वर्षं. प्रबंध त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. मुलांनी त्याच त्याच चुका करू नयेत म्हणून १९३७ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका तयार केली, तिचं पुढे मोठं पुस्तक झालं. मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटतं ते यासाठी की हजारो प्रबंधांतले समास, स्वल्पविराम आणि तळटीपा पाहताना त्यांना आत दडलेली माणसं दिसत असतील का. कुणाच्या ‘घेण्यात आल्या’पाशी त्यांची पेन्सिल थबकली असेल का.

आणि तो येईलचा घोटाळा. आराखडा भविष्यकाळात लिहायचा असतो : अभ्यास करण्यात येईल, माहिती संकलित करण्यात येईल. काम संपलं की त्याचाच भूतकाळ करून प्रबंधात घ्यायचा. सगळेच तसं करतात. माझ्याकडून एक वाक्य बदलायचं राहिलं. (पाहा, ‘माझ्याकडून राहिलं’. अजून सवय गेलेली नाही. मी बदलायला विसरले.) तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर सरकवून ते वाक्य मोठ्यानं वाचलं, ‘रात्रपाळीच्या कालावधीत प्रत्यक्ष निरीक्षण करण्यात येईल’, आणि विचारलं, ‘कधी येताय मग?’ सगळे हसले. मीही हसले. कानशिलं तापली होती. पण आता वाटतं, तेवढं एकच वाक्य त्या प्रबंधात सगळ्यात खरं होतं. निरीक्षण करायचं होतंच अजून.

शेवटी मी त्या मुलीला लिहिलं. लांबलचक लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं की ‘बदल. आणि माझ्याकडून जे उचललं असशील ते पुन्हा एकदा तपासून घे.’ आठवड्यानं सुधारलेलं प्रकरण आलं. ‘सदर’ बरेच गेले होते, काही उरले होते. तिच्या मार्गदर्शकांना हवे असतील. क्रमांक ४ आता ‘सांगतात’ झाल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं त्यांच्या उच्चारात होतं. ‘दोन मुलाखती अपूर्ण राहिल्या’च्या जागी होतं : ‘दोन मुलाखती मी अर्धवट सोडल्या. पहिल्या वेळी ज्यांची शुश्रूषा चालू होती त्या आजोबांचा मुलगा खोलीत येऊन बसला आणि बाई गप्प झाल्या. दुसऱ्या वेळी मला पुढचं विचारवलं नाही.’ मी ते दोनदा वाचलं. परीक्षक यावर काय म्हणतील सांगता येत नाही. ‘विचारवलं नाही’ला कदाचित लाल ठिपका मिळेल, आणि एखादे वेळी तो रास्तही असेल, न विचारवण्याला संशोधन पद्धतीत कुठला रकाना आहे? पण त्या ओळीपाशी मला त्या खोलीतली खुर्ची दिसली, बाईंचे हात दिसले. माझ्या दोनशे ऐंशी पानांत मला स्वतःलाही काही दिसत नाही.

प्रकरणासोबत तिचा प्रश्न होता. ‘ताई, तुमच्या तीन का राहिल्या होत्या?’

मी फोन हातात घेऊन बसले. मग लिहिलं, ‘दोघींची पाळी बदलली, नंतर गाठ पडली नाही. तिसऱ्या वेळी मी झोपले.’

‘म्हणजे?’

म्हणजे तेच. रात्रीचे तीन वाजले असतील. मावशी सांगत होत्या, मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता बाकड्यावर मान टाकून झोपले. उजाडताना जाग आली तेव्हा अंगावर वॉर्डातली चादर होती, कडेला रुग्णालयाचा शिक्का असलेली, आणि प्रश्नावली माझ्या चपलांखाली नीट घडी घालून ठेवलेली. मावशी कधीच्या घरी गेल्या होत्या. महिनाभरानं ती कॅसेट उतरवायला घेतली. मावशींचं बोलणं मधेच थांबतं. मग थोडा वेळ काहीच नाही, माझा श्वास तेवढा. मग बाकडं करकरतं. बादलीची कडी, फरशीवर ओल्या फडक्याचा आवाज, लांब जातो, परत येतो. कुणीतरी पुरुष जिन्यावरून मोठ्यानं काही विचारत खाली येतो. आणि मावशींचा आवाज, अगदी दबका, पण टेपच्या जवळून : ‘हळू बोल की रं. पोरगी झोपलीया.’